बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळी नांगरटीचे दिवस आले की फोन सुरू होतात. "वडील गेल्यापासून ट्रॅक्टर शेडमध्येच आहे." "भाऊ पुण्याला गेला, तीन वर्षं कुणी हात लावला नाही." "जमीन वाट्याने दिली होती, आता स्वतः करायचीय." माझं गाव सोलापूर जिल्ह्यात. मी शेती करतो, पण भावकीतले आणि पाहुण्यांतले असे उभे राहिलेले ट्रॅक्टर चालू करण्यात बरेच उन्हाळे गेलेत. पहिला तर मी बिघडवूनच ठेवला होता, ती गोष्ट खाली सांगतोच.

खालची उत्तरं जुन्या पद्धतीच्या, साध्या डिझेल पंपाच्या 30 ते 50 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरसाठी आहेत. सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक पंपवाला नवा ट्रॅक्टर असेल तर साफसफाई, ऑइल, टायर इथपर्यंत घरी करा. डिझेलच्या लाइनला मात्र हात लावू नका, त्याला कंपनीचा माणूस बोलवा.

बॅटरी चार्ज करून आणलीय. एकदा सेल्फ मारून बघू का?

नको. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं. ट्रॅक्टर नुसता उभा राहून जेवढा बिघडतो त्याच्यापेक्षा जास्त तो पहिल्या सेल्फला बिघडतो.

चुलत्यांचा ट्रॅक्टर दोन पावसाळे चिंचेखाली उभा होता. सायलेन्सरवर पत्र्याचा डबा पालथा घातलेला असायचा, तो कधीतरी वाऱ्याने उडाला. मी बॅटरी बसवली, सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि टक् करून थांबलं. बॅटरी कमी पडली असं समजून दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागची चाकं आधी मातीत फरफटली, मग एकदम फिरली, आणि आतून जो आवाज आला तो अजून कानात आहे. सायलेन्सरमधून उतरलेलं पावसाचं पाणी दुसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टनवर बसलं होतं. पाणी काही दबत नाही, त्यामुळे पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकला. पिस्टन, लायनर, रॉड, सगळं गेलं. चुलते एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षीची पेरणी त्यांनी बैलांनी केली.

म्हणून सेल्फ सगळ्यात शेवटी. आणि ओढून किंवा उतारावर ढकलून चालू करणं तर नाहीच.

मग सुरुवात कुठून करायची?

काठीपासून. सीटखाली, टूलबॉक्समध्ये, बॉनेटखाली हात घालण्याआधी काठीने ठोका. उंदीर असतात तिथं साप येतोच. मला एकदा बॅटरीच्या खोक्यामागे घोणस भेटली होती. विंचू तर नेहमीचेच.

मग तोंडाला फडकं बांधून उंदरांची घरटी काढा आणि वायरिंग शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. वरून धड दिसणारी वायर मागच्या बाजूने सोललेली असते. अशी वायर तशीच ठेवून बॅटरी जोडली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते, आणि शेजारी कडब्याची गंज असते.

एअर क्लिनर उघडा. ऑइल बाथचा असेल तर खालच्या वाटीतलं जुनं ऑइल डांबरासारखं झालेलं असतं. वाटी आणि आतली जाळी डिझेलने धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं आणि इंधनासारखं जाळतं. रबरी होज वाकवून चिरा बघा. सायलेन्सरमध्ये टॉर्च मारा. कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असेल तर सायलेन्सर खाली उतरवूनच साफ करा. जागेवर गज खुपसला की ती माती आत पडते.

इंजिन हाताने फिरवून बघायचं म्हणजे नेमकं कसं?

गिअर न्यूट्रल, स्टॉपचा (डिझेल तोडून इंजिन बंद करायचा) नॉब ओढलेला, चाकांना दगड लावलेले. आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढा. नोझलभोवतीची माती हवेने किंवा ब्रशने साफ करूनच काढा, नाहीतर ती सरळ पिस्टनवर पडते. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी वरचं टॅपेट कव्हर काढा. क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवा, आणि दुसऱ्या माणसाला व्हॉल्व्हवर नजर ठेवायला सांगा. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली गेला पाहिजे आणि वर आला पाहिजे. खाली जाऊन तिथंच राहिला तर तो गाईडमध्ये, म्हणजे त्याचा देठ सरकतो त्या नळीत, चिकटलाय. तसाच सेल्फ मारलात तर पुशरॉड वाकेल किंवा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल. देठावर ऑइल सोडा, रॉकर बाजूला घेऊन वरून लाकडी दांड्याने हलकं टकटक करा. पिस्टन वर आलेला असताना मात्र ठोकू नका.

पूर्ण दोन फेरे अडथळ्याशिवाय झाले की निम्मी काळजी मिटली. नोझलच्या भोकातून पाणी उडालं तर घाबरू नका. ते सेल्फ मारण्याआधी बाहेर आलं हे नशीब.

पाना लावला तरी हलत नाही. जाम झालंय का?

आधी खात्री करा की गिअर खरंच न्यूट्रलला आहे आणि डायनामो किंवा वॉटर पंप जाम नाही. पट्टा सैल करून परत प्रयत्न करा. तरी हलत नसेल तर पिस्टन रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरून बसल्यात.

डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून नोझलच्या भोकांतून सोडा आणि वाट बघा. चार दिवस, आठ दिवस. रोज पान्याला थोडा हिसका द्यायचा, पुढे आणि मागे. पाइप लावून पाना लांब करायचा मोह आवरा. मी पाहिलेल्यांपैकी बरेचसे आठवड्याच्या आत सुटले. एक सुटला नाही, त्याचं हेड उतरवलं तेव्हा लायनरला बोटभर रुंद गंजाचा पट्टा होता. तो ओढून फिरवला असता तर रिंगा तुटल्याच असत्या.

टाकीत निम्मं जुनं डिझेल आहे. वरून नवं टाकून चालेल?

नाही. खालचा कॉक उघडून पहिलं लिटरभर पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. तळाला पाणी, त्याच्यावर काळपट शेवाळासारखा थर आणि वर डिझेल असं दिसलं तर ते सूक्ष्मजीवांचं काम. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं ते वाढतात. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसा-रात्रीच्या तापमानाच्या फरकाने वरच्या पत्र्याला आतून दव धरतं, ते पाणी तळाला जातं आणि वरचा पत्रा गंजतो.

डिझेल साधारण सहा महिने ते वर्षभर नीट राहतं. वार्निशसारखा वास यायला लागला की ते सुटे भाग धुवायला वापरा. टाकी उतरवा, आत मूठभर खडी आणि थोडं डिझेल घालून हलवा, सगळं ओता, खडी मोजून बाहेर काढा. होय, मोजून. दोन्ही फिल्टर नवे घाला. इथं पैसे वाचवू नका, कारण पुढचा भाग पंप आहे आणि पंपाच्या कामाचं बिल फिल्टरच्या कितीतरी पट येतं.

फिल्टर बदलले, आता डिझेलच्या लाइनमध्ये एअर धरलीय. कशी काढायची?

टाकीकडून इंजिनकडे, याच क्रमाने. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा बोल्ट. हातपंप मारूनही जोर लागत नसेल तर फीड पंपाचा खटका वर चढून बसलाय. इंजिन हाताने अर्धा फेरा फिरवा, हातपंप पुन्हा जोर धरेल.

शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट दीड फेरा सैल करायचे. सेल्फ मारून तिथली हवा काढायची असते, पण ती पायरी पहिल्या स्टार्टच्या वेळी. तेव्हा बोट तिथं नेऊ नका. नोझलमधून डिझेल 200 बारच्या आसपास दाबाने सुटतं आणि कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती थेट मोठ्या दवाखान्याची केस आहे.

एअर काढली आणि दुसऱ्या दिवशी परत धरली, तर लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा पाइपाच्या बोल्टाखालचे जुने तांब्याचे वॉशर गुन्हेगार निघतात.

इंजिन ऑइल मागच्या सर्व्हिसनंतर फार वापरलं नाही. बदलायलाच हवं का?

हो. ट्रॅक्टर चालला नसला तरी ऑइलमधली आम्लं आणि ओलावा बेअरिंगवर काम करतच असतात. ऑइल काढण्याआधी ऑइल मोजायची पट्टी बघा. रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी मिसळलंय, आणि ते हेड गॅस्केटमधून आलं का लायनरच्या रबरी रिंगांमधून हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पंपातून किंवा फीड पंपातून डिझेल चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतंय.

15डब्ल्यू-40 बहुतेकांना चालतं, तरी पुस्तक बघा. हे पहिलं ऑइल धुवायचं ऑइल समजा. दहा-पंधरा तास काम झालं की फिल्टरसकट परत बदला.

गिअरबॉक्सचं ऑइलही काढायचं? ते तर खूप असतं.

खूप असतं, मॉडेलप्रमाणे साधारण 35 ते 60 लिटर, आणि महाग असतं. म्हणून आधी खालचा बोल्ट अगदी हळू सैल करा. पाणी जड, ते खाली बसतं. आठ दिवस न हललेल्या ट्रॅक्टरमधून आधी पाणीच ठिबकेल. कपभर पाणी आलं आणि मागून स्वच्छ ऑइल आलं तर बोल्ट आवळा आणि तेवढी भर घाला. पांढरट ऑइल आलं तर सगळं काढा, हायड्रोलिकचा फिल्टरही बदला. पाणी बहुतेकदा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी टोपीतून जातं. ती टोपी अगदी स्वस्तात मिळते.

बॅटरी वाचेल का?

पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर 12.6 च्या आसपास दाखवते. वर्षभर उतरलेल्या अवस्थेत पडून असेल तर प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि ती चार्ज झाल्यासारखी दाखवून सेल्फ मारताच मान टाकते. डिस्टिल्ड पाणी घालून मंद चार्जिंगला एक दिवस लावून बघा, फार आशा ठेवू नका.

सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि गावाकडे जोर यावा म्हणून दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट देतात, ते करू नका.

रेडिएटरमध्ये साधं पाणी होतं.

मग ते विटकरी झालं असेल. खालून सोडा, दोन-तीनदा धुवा, मग कूलंट भरा. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही म्हणून लोक कूलंट टाळतात, पण आपल्याला ते गंज आणि क्षार यांच्यासाठी हवंय. बाहेरच्या जाळीतला भुसा इंजिनच्या बाजूने पुढे हवा मारून काढा. होज दाबून बघा. कडक किंवा भेगाळलेली बदला. वॉटर पंपाखालच्या भोकातून थेंब गळत असेल तर सील वाळलंय.

आता पहिला स्टार्ट. कसा करायचा?

नोझल बसवा, जमलं तर त्याआधी पंपवाल्याकडे एकदा तपासून आणा. स्टॉपचा नॉब ओढून ठेवा आणि सेल्फ मारा. डिझेल मिळत नाही, इंजिन नुसतं फिरतं आणि ऑइल वरपर्यंत चढतं. एका वेळी दहा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत. मग नॉब आत, नोझलच्या पाइपांची हवा काढा, नट आवळा.

त्याआधी एक फळी शोधा. थट्टा नाही. इनलाइन (सगळ्या सिलिंडरचे प्लंजर एका ओळीत असलेल्या) पंपात इंजिन बंद असताना गव्हर्नरची, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या भागाची, स्प्रिंग रॅकला (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. रॅक तिथंच चिकटला असेल तर इंजिन चालू होताच पूर्ण वेगाने पळत सुटतं आणि स्टॉपचा नॉब काहीच करत नाही. टाकीचा कॉक बंद करूनही उपयोग नाही, फिल्टरमध्ये मिनिट-दीड मिनिटाचं डिझेल असतं. एअर क्लिनरची होज मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या तोंडाच्या) बाजूने सोडून ठेवा आणि एक माणूस फळी घेऊन तिथं उभा करा. इंजिन पळालं तर फळी तोंडावर दाबायची. हात किंवा कापड नाही, कापड आत ओढलं जातं. पंपाला बाजूचं झाकण असेल तर ते काढून रॅक हलतोय का हे आधीच बघता येतं.

चालू झालं की वेग वाढवू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. सगळं ठीक असेल तर होज बसवा आणि हजार-बाराशे आरपीएमवर दहा मिनिटं चालू द्या. तेवढ्यात ट्रॅक्टरभोवती चक्कर मारून गळती शोधा.

धूर फार येतोय.

पहिली पाच-दहा मिनिटं येणारच, आपण सिलिंडरमध्ये ऑइल ओतलंय. तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर नोझल किंवा कमी कॉम्प्रेशन; त्याबरोबर रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गॅस्केट. निळा असेल तर रिंगा चिकटल्यात, पण निर्णय घाईने घेऊ नका. हलक्या लोडवर आठ-दहा तास चालवल्यावर कित्येकदा त्या मोकळ्या होतात. काळा धूर दिसला तर आधी एअर क्लिनर बघा.

इंजिन छान चालतंय, पण गिअर पडत नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय. इंजिन चांगलं तापवून बंद करा, क्लच पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळपर्यंत सुटण्याची बरीच शक्यता असते. नाही सुटली तर मोकळं, सपाट रान बघा, समोर कुणी नको. वरचा गिअर, क्लच दाबलेला, आणि सेल्फ. ट्रॅक्टर लगेच चालायला लागेल हे धरूनच बसा. चालताना रेस कमी-जास्त करत ब्रेक दाबायचा. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो, दुसरा इलाज नाही. क्लचमध्ये रॉकेल ओतायला सांगणारे भेटतील. त्याने प्लेट सुटेल आणि नंतर कायमची घसरेल.

ब्रेक आणि टायर?

दोन्ही पेडल सारखे दाबतात का बघा, आणि रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही जोडणारा खटका लावा. एका बाजूचा ब्रेक लागत नसेल तर बहुतेकदा मागच्या ॲक्सलचं सील वाळून ब्रेकला ऑइल लागलंय.

टायर बसला असेल तर आधी जॅक लावून चाक उचला, मग हवा भरा, आणि भरताना बाजूला उभे राहा. शेतात मागच्याला साधारण 12 ते 14 पीएसआय, पुढच्याला 26 ते 30. बाजूच्या भिंतीवरच्या बारीक चिरा शेतकामाला चालतात. आतले धागे दिसत असतील तर त्या टायरवर उसाची ट्रॉली ओढू नका.

लिफ्ट उचलत नाही.

ऑइलची पातळी, मग फिल्टर. दोन्ही ठीक असतील तर व्हॉल्व्ह चिकटलाय. इंजिन तापवून, औजार न लावता लिव्हर वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा. बहुतेक तेवढ्यावर भागतं.

आमचा ट्रॅक्टर पुरात बुडाला होता. त्यालाही हेच?

नाही, तो वेगळा आजार. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे कित्येक ट्रॅक्टर दिवसच्या दिवस पाण्यात होते. नुसता उभा राहिलेला ट्रॅक्टर गंजतो. पुरातल्याला गाळ खातो, आणि गाळ म्हणजे पॉलिश पेपर. त्याचं इंजिन हातानेही फिरवू नका. सगळी ऑइलं काढा, चेंबर खोलून धुवा, सेल्फ, डायनामो आणि ब्रेक उघडा, पंप थेट पंपवाल्याकडे न्या. विमा असेल तर काहीही खोलण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

कागदपत्रांचं काय?

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी 15 वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. उभा होता तेवढ्यात ती मुदत टळून गेली नाही ना, हे बघा. रस्त्यावर आणायचा तर थर्ड पार्टी विमा हवाच. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, ते हमखास विसरले जातात. वारसाच्या नावावर ट्रॅक्टर करायचा राहिला असेल तर आधी ते करा, नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचं घोडं तिथंच अडतं.

हंगामानंतर परत सात-आठ महिने उभा राहणार आहे. काय करून ठेवू?

टाकी काठोकाठ भरा. नवं ऑइल घालून मगच उभा करा. सगळे निप्पल ग्रीस करा, लिफ्टचे हात खाली सोडा, बॅटरी काढून घरात आणा. क्लचखाली ठोकळा लावून तो दाबलेला ठेवा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवा, म्हणजे दुसरं कुणी येऊन गोंधळ नको. दर महिन्याला नुसता पाच मिनिटं चालू करून बंद करत असाल तर ते बंद करा. इंजिन पुरतं तापत नाही आणि आतलं दव वाढतं. चालवायचाच असेल तर अर्धा तास रानात फिरवून आणा.

आणि सायलेन्सरवरचा डबा तारेने बांधा.